हवेत फिरणारी चाकं

शेजारच्या अप्पांकडे जुनी इटालियन रेसची गाडी आहे. लाल, दोनच माणसांची, लांब नाकाची, स्टिअरिंग डावीकडे. इटलीत अशा गाड्यांच्या शर्यती घाटांतून, भर गावांतून जात आणि लोक दारात उभे राहून बघत, असं अप्पा सांगतात.

दोन वर्षांपूर्वी अप्पांनी आवारात इमारत बांधायला दिली. नकाशावर सही करताना त्यांनी स्वतःच्या फ्लॅटची बाल्कनी मोजली, गाडीचं नाक मोजलं नाही. आता गॅरेजसमोर खांब आहे आणि गाडी बाहेर निघत नाही.

तरी दर रविवारी ते ती चालू करतात, नाहीतर इंजिन जाम होईल. टायर एका जागी दबू नयेत म्हणून ती लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली असते. परवा मी दारात उभा असताना त्यांनी गिअर टाकला. मागची चाकं हवेतच गरगरली, काटा ऐंशीवर गेला.

"किलोमीटर पडतात बरं का!" अप्पा ओरडले. "एव्हाना महाबळेश्वर गाठलं असतं!"

मला हसू आलं नाही. मीही वीस वर्षं एकाच खुर्चीत धावतोय. नोकरीच्या कागदावर सही करताना सुट्ट्या तेवढ्या मोजल्या होत्या. काटा हलतो, संध्याकाळी दमायला होतं, म्हणजे आपण कुठेतरी चाललोय असंच वाटतं.

बंद करण्याआधी अप्पांनी वेग कमी केला, मागून कोणी येत नाही ना, हे सवयीने आरशात पाहिलं आणि थांबतोय अशी खूण करायला डावा हात बाहेर काढला.

तो भिंतीला लागला.