एकतीस हयात माणसे

रुग्णालयाच्या संशोधन विभागात, जिन्याखालच्या अरुंद खोलीत, एक कारकून सहा वर्षे टेलिफोनसमोर बसत असे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरी दर तीन महिन्यांनी फोन करायचा, रुग्ण हयात आहे का, नसल्यास कोणत्या तारखेला गेला, हे विचारून तक्त्यात भरायचे, एवढेच त्याचे काम. प्रयोगशाळेतले लोक त्याला हजेरीमास्तर म्हणत. तोही हसून घेई.

कामाचे मोल त्याला ठाऊक होते. विभागप्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी समजावले होते, की पेशीतले काही आरएनए कोणतेच प्रथिन घडवत नाहीत आणि म्हणून फार काळ ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. त्यांतला एक रेणू ज्याच्या गाठीत जास्त, त्याचे आयुष्य कमी, असा बाईंचा कयास होता. तो खरा ठरला तर कडक औषधे कुणाला द्यायची आणि कुणाला त्या यातनेतून सोडवायचे, हे आधीच ठरवता येणार होते. रेणू किती, हे यंत्र सांगे. आयुष्य किती, हे टेलिफोनखेरीज कोण सांगणार?

एकदा एका म्हाताऱ्या बापाने फोन उचलला. "मुलगा काल गेला," तो म्हणाला. "तुमची यादी अडून राहिली होती का?"

त्या दिवसापासून कारकुनाचा हात जड झाला. मागच्या खेपेला ज्या घरी 'आता अन्न जात नाही' असे ऐकले होते, ते घर आले की तो फोन न करताच 'हयात' लिही. मोठ्या बहिणीपाशी त्याने हे एकदा बोलून दाखवले. ती म्हणाली, चांगलेच तर लिहिलेस, कुणाला मारले तर नाहीस. त्याला ते पटले. पटवून घेणे सोयीचे होते. आपल्या भित्रेपणाला आपण दयेचे नाव देतो तेव्हा ते खोडायला सहसा कुणी पुढे येत नाही.

सहाव्या वर्षाच्या पडताळणीत रेणू जास्त असलेले आणि कमी असलेले रुग्ण सारखेच जगलेले दिसले. बाईंनी बैठकीत शांतपणे जाहीर केले, की कयास चुकला. हा रेणू सोडून द्यायचा. कारकून मागच्या खुर्चीत होता. ज्या घरांना तो भ्यायला होता, नेमकी त्याच घरांतली, रेणू जास्त असलेली माणसे वेळेआधी गेली असणार, हे त्याला तिथेच उमगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "किती?"

"एकतीस."

"फोन तुम्हीच करायचे. इथे बसून, माझ्यासमोर."

पहिल्या सहा घरांनी तारखा दिल्या, कोरडेपणाने. सातव्या घरी एका बाईने आवाज ओळखला.

"भाऊ, तुम्ही? वर्ष झालं हो. नात्यातली माणसं विचारायची थांबली, पण तुमचा फोन यायचा. हे गेले तेव्हा वाटलं, आता येईल, मग सांगू. तारीख लिहून ठेवली होती फोनपाशी. मग तुम्ही केलाच नाहीत."

समोर विभागप्रमुख बाई मान खाली घालून बसल्या होत्या. फोन करायचा राहून गेला असेल, या पलीकडच्या गैरसमजाच्या आडोशाला राहणे त्याला शक्य होते. तो म्हणाला, "मी न विचारताच लिहिलं."

"काय लिहिलंत?"

"हयात आहेत, असं."



"हयात आहेत, हे मग मला तरी कळवायचंत," ती म्हणाली. मग तिने तारीख सांगितली, आणि त्याला नीट ऐकू आली नसेल म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितली.

त्याने ती लिहिली. आणखी चोवीस घरे उरली होती.