मेणाचा हात
लाइट गेली की मेणबत्तीच्या वासाने मला काकांचा लुळा पडलेला उजवा हात आठवतो. भांडुपची आमची ख्रिस्ती शेजारीण काका-काकींना आणि मला चर्चमध्ये घेऊन गेली होती. दुखरा अवयव मेणाचा करून वाहायचा, अशी तिथली रीत. काकांनी चर्चच्या दारातल्या दुकानातून मेणाचा हात विकत घेतला. "आधी केल्याची माफी मागा, मग हात मागा," शेजारीण म्हणाली. "मी काय केलंय?" काका खेकसले. लुळा पडण्याआधी त्याच हाताने मारून गालावर उठवलेला वण पदराने झाकून काकी बाजूला उभी होती. काकांनी मेणाचा हात वाहिला. पायऱ्या उतरताना त्यांच्या लुळ्या हाताची बोटं हळूच हलली. "बघ गं, हलली!" शेजारीण आनंदाने ओरडली. काकी मात्र माझं मनगट घट्ट धरून मागे सरकली. आजही लाइट आली तरी काकी मेणबत्ती विझवू देत नाही. सगळं मेण वितळेपर्यंत बघत बसते.