व्हिल्माचा गुडघा

हाइनो माझा जुना विद्यार्थी. वर्गात विचारल्याशिवाय बोलायचा नाही. निबंध मात्र पानंच्या पानं. आता पन्नाशी उलटली, तरी आमच्या गल्लीत एकटाच राहतो. रविवारी माझ्याकडे येतो, काळा पाव आणि खारवलेली मासळी खातो, स्वतःची बशी विसळून ठेवतो.

तालिनमधल्या लष्करी कचेरीत तो कामाला आहे. दर वसंतात मित्रदेशांची पथकं आपापल्या देशातून, तर काही इथे येऊन, संगणकांवरचे हल्ले परतवण्याचा सराव करतात. त्यासाठी एक काल्पनिक बेट रचलंय, बेटावर वीज कंपनी. तिथल्या कारकुनांची पत्रं हाइनो लिहितो. पथकांना राखायला काहीतरी हवं ना! बाकी कामाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. ही माणसं खोटी, म्हणून त्यांच्याबद्दल बोलता येतं. सराव संपला की सगळं पुसायचं, तेही त्यानंच.

अकरा वर्षं तो व्हिल्मा नावाची कारकून लिहितोय. यंदा तिचा गुडघा फार दुखत होता.

"हाइनो, पत्रं लिहितोस की कादंबरी?" त्याची वरिष्ठ मारित म्हणाली. "वाचतं कोण? पुढच्या वर्षीपासून यंत्र लिहील."

"एकानं जरी वाचलं तर?"

"तर वेलचीचा गोड पाव, अख्खा क्रिंगल, माझ्याकडून!"

सरावाच्या शेवटच्या दुपारी खानावळीत एक पोर्तुगीज मुलगी त्याच्यासमोर येऊन बसली.

"व्हिल्माची पत्रं तुम्ही लिहिता? तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का हो?"

हाइनोनं चमचा खाली ठेवला. "परवा आहे," तो म्हणाला.

त्या मुलीच्या पथकानं वीजकेंद्राआधी व्हिल्माचं टपाल हल्ल्यातून वाचवलं होतं. त्यात गुण गेले, पथक शेवटून दुसरं आलं.

मारितनं क्रिंगल आणला. मोठा तुकडा हाइनोला दिला. "वाचलं, म्हणूनच हरली ती पोरं," ती हळूच म्हणाली. "आता तर यंत्रच लिहील. रागावू नकोस."

तो रागावला नाही. संध्याकाळी पुसायला बसला.

या रविवारी आला, तो कोट न काढताच म्हणाला, "बाई, ऑपरेशन नीट झालं. काठी घेऊन चालते. पुसण्याआधी एवढं लिहिलं."

"त्या मुलीला कळवलंस?"

"ती गेली होती. पत्ता मागायचं सुचलंच नाही."

मी त्याची बशी मांडली. त्या दिवशी ती त्यानं विसळली नाही. "आज काही पुसणं नको, बाई," म्हणाला.