शेगार म्हणजे पोचणे

छपन्न साली राजधानी भोपाळला आली आणि तिच्या मागोमाग नागपूरचे आम्ही कारकूनही आलो. पण आलेला माणूस कायम निघालेला वाटावा, ही किमया फक्त आमच्या शेजारच्या काकांना साधली होती. सरकारी क्वार्टरच्या मधल्या खोलीत त्यांच्या चार ट्रंका आणि दोन होल्डॉल सदैव बांधलेले. रात्री गाद्या सोडायच्या, सकाळी चहाच्या आधी पुन्हा आवळायच्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोने त्यांना निरोपाचं श्रीखंड नेऊन दिलं. त्यांनी ते खाल्लं. दोन महिन्यांनी पुन्हा दिलं, तेही खाल्लं. जायचं नाव नाही.

मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "शेगार!" काकांचं आजोळ गोव्याचं, चार इयत्ता ते तिथल्या पोर्तुगीज शाळेत शिकले होते. "शेगार म्हणजे पोचणे. मूळ लॅटिन शब्द घडी घालण्याचा. खलाशी बंदरात शिरले की शिडं गुंडाळत. शिड गुंडाळलं की पोचलो. पोर्तुगालच्या वरच्या अंगाला गॅलिशिया आहे, तिथले लोक चेगार म्हणतात, पण गुंडाळतात तेच." मी समजल्यासारखी मान डोलावली. तेवढ्यात म्हणाले, "गंमत अशी, की रुमानियात याच मुळाच्या शब्दाचा अर्थ निघणे. तिकडे म्हणे शिपाई होते. त्यांनी तंबू गुंडाळला की ते निघाले."

"मग काका, तुम्ही खलाशी की शिपाई?"

"तोच तर प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी होल्डॉलचा पट्टा आणखी एक भोक आवळला. पुढे आठवडाभर स्वतःच्या अंथरुणाची घडी करतानाही मला धास्ती वाटे.

हा घोळ शेवटी अंगाशी आला. वसाहतीच्या इन्स्पेक्टरने खिडकीतून ती बांधाबांध पाहिली, क्वार्टर रिकामं होतंय असं ठरवून टाकलं, आणि एका सकाळी दुसरं कुटुंब टांग्यातून सामानासकट दारात हजर!

"साहब, आप रह रहे हैं या जा रहे हैं? साफ़ बोलिए, वरना मकान इनका."

काकांनी खलाशांपासून सुरुवात केली. इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी टांगेवाल्याकडे. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. नागपूर सोडताना आठ दिवस रडलेल्या काकू.

"हम यहीं रहेंगे, साहब."

काका बोलता बोलता थांबले. "अगं, पण तुला परत जायचं होतं ना? तू म्हणशील तेव्हा निघता यावं म्हणून तर मी..."

"मला कधी विचारलंत?" काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हालाच इथे करमत नाही."

टांगा वळला. मी घरी येऊन पाटावर बसलो. आम्हीही नागपूर सोडूनच आलो होतो, आणि हिला इथे करमतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारायचं अगदी मनात होतं, पण तिने ताट वाढलं आणि ते राहून गेलं. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. काय म्हणाली असती, याचा मला अजून अंदाज येत नाही.