चांदणीपासून पुन्हा

निवृत्त होईपर्यंत मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. पंपाच्या आतला वॉशर बसणार की नाही, हे कागदावर बघून सांगायचो. त्यामुळे कागदावरचं काहीही आपल्याला वाचता येतं, अशी माझी ठाम समजूत होती. गेल्या वर्षी ठाण्याच्या नौपाड्यात, आईच्या घरी, एका स्वेटरने ती मोडली.

सुरुवात माझ्या मुलीपासून झाली. तिचं ऑफिस ठाण्यातच आहे. बाहेर घामाच्या धारा, आणि आत एसी असा की पोरी शाली गुंडाळून बसतात. एका रविवारी ती आजीकडे गेली आणि दिवाणातली जुनी फाइल काढून बसली. आत मासिकांतून कापलेले विणकामाचे नमुने. खांद्यापर्यंत पोचलेल्या कॉलरींच्या बायका, डोक्यापेक्षा मोठे अंबाडे, गालभर कल्ले वाढवलेले, हातात पाईप धरलेले पुरुष.

"आजी, कसलं भारी आहे हे! एकदम व्हिंटेज!"

"जुनं म्हण की सरळ," आई म्हणाली. "हा पाईपवाला तुझ्या आजोबांसाठी विणला होता मी. मोहरीच्या रंगाचा, गळाबंद. एका लग्नात घालायला लावला. अक्षता पडेपर्यंत तग धरला बिचाऱ्यांनी. मग जे दिसेनासे झाले ते मांडवामागे सापडले, आचाऱ्याच्या पंख्यासमोर."

मुलीने फुग्याच्या बाह्यांचा, कमरेशी आखूड स्वेटर निवडला. अडचण एकच होती. आईच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. माणसं दिसतात, बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून ठरलं, की मी डोंबिवलीहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, नमुना मोठ्याने वाचायचा आणि आईने विणायचं.

पहिल्याच दिवशी मी चष्मा पुसून, खाकरून सुरुवात केली. "दोन सुलट, दोन उलट, एक टाका न विणता उचला. झाली ओळ. पुढची..."

"थांब. तुझी ओळ झाली, पण माझ्या सुईवर अजून साठ टाके आहेत. त्यांचं काय करू?"

मी कागद उलटा करून पाहिला. "बाकीचे तसेच ठेवायचे असतील."

"अरे, नीट बघ. सुरुवातीला काही खूण आहे का?"

"एक शाईचा डाग आहे. आणि शेवटी नुसतंच 'पासून पुन्हा' असं छापलंय. छपाईची चूक."

"तो डाग नाही, चांदणी आहे ती! तिच्यापासून पुन्हा विणायचं, ओळ संपेपर्यंत. एवढी वर्षं कुठली ड्रॉइंगं वाचत होतास रे?"

तेव्हापासून मी प्रत्येक डाग वाचायला लागलो. एकदा तर चहाचा थेंबसुद्धा वाचला.

पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले. पहिली बाही सुरू झाली त्या शुक्रवारी मी चष्मा घरी विसरलो. म्हटलं, आज राहू दे. पण आईच्या सुया थांबल्याच नाहीत. ती पुटपुटत होती, "तीन सुलट, एक वाढव, चांदणीपासून पुन्हा..." ओळीमागून ओळ, एकही न अडखळता.

"आई, तुला पाठ आहे हे?"

"म्हणजे काय! तुझ्या आत्याला विणला, मावशीला विणला."

"मग मला कशाला वाचायला लावलंस?"

तिने सुई बदलली. "एरवी येतोस, औषधं आहेत ना विचारतोस, उभ्याउभ्या चहा पितोस आणि निघतोस. आता दोन तास बसतोस."

पुढ्यातल्या कागदाच्या घड्या मी उगाच सरळ करत राहिलो.

"तोंड पाडू नकोस," आई म्हणाली. "त्या पिशवीत सुयांची दुसरी जोडी आहे. दुसरी बाही तू कर."

ती बाही मी पाच वेळा उसवली. शेजारच्या काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि मला सुयांशी झटताना बघून दारातच थांबल्या. आई शांतपणे म्हणाली, "मला मुलगी हवी होती ना, ही आत्ता झाली." काकू हसता हसता खाली बसल्या. मी लोकर सोडवत होतो, मान वर करायची सोय नव्हती.

स्वेटर झाला. आईच्या बाहीचा फुगा झकास गोल आला, माझा बसक्या इडलीसारखा. मी हात घट्ट ठेवून विणतो, असं निदान झालं. मुलगी तो तसाच घालून ऑफिसला गेली. तिथे कुणीतरी ब्रँड विचारला, तेव्हा तिने बेधडक "नौपाडा" म्हणून सांगितलं. दोन बाह्या दोन तऱ्हेच्या असणं ही आता फॅशन आहे म्हणे. बापाचा मान राखायला तिने हे रचलं असावं, पण मी खोलात गेलो नाही.

आता तिच्या मैत्रिणीलाही तसाच हवाय. आईने मला न विचारता होकार देऊन टाकला. रंगही ठरला, जांभळा. पाठ माझ्याकडे आहे. परवा चांगली वीतभर झाली म्हणून मी कौतुकाने तिच्या हातात दिली. तिने कडेने बोटं फिरवली, मधे थांबली, पुन्हा फिरवली.

"खालून सातव्या ओळीत टाका गळलाय," ती म्हणाली. "उसव."

मी उसवलं. आई तोवर चहा ठेवायला आत गेली.