निवडलेली डाळ

रावेरच्या लीलाधर पाटलाचं एका पुस्तकाशी वैर होतं. माणसांशी त्याचं भांडण आठ दिवसांच्या वर टिकत नसे, पण ही कादंबरी त्याने बावीस वर्षं मनात धरून ठेवली होती. शाळेत ती नेमलेली होती. मथुरा नावाच्या मुलीचं बाप लग्न ठरवतो आणि ती वाती वळत गप्प बसते, असं त्यात एक प्रकरण. "मथुरा गप्प का राहिली?" पितांबर मास्तरांनी विचारलं. लीलाधरने उभं राहून ठणकावून सांगितलं, "तिला नवरा पसंत होता म्हणून!" मास्तरांनी पाच छड्या दिल्या, चूक काय ते मात्र सांगितलं नाही. पोराने पुस्तक मिटलं ते मिटलंच. मराठीत गचकला आणि केळीच्या मळ्यात गेला. पुढे कुणी कादंबरीचं नाव काढलं की म्हणे, "रिकामटेकड्यांचे धंदे!"

छप्पन साली तेच पुस्तक त्याच्या बेबाला नेमलं गेलं. बेबा मॅट्रिकच्या वर्गात, बापाची लाडकी. तिला सावद्याचं स्थळ आलं. दोन विहिरी, भरपूर बागाईत, मुलगा एकुलता एक. लीलाधर हरखून गेला. त्याने बेबाला विचारलंही, म्हणजे जाता जाता, "स्थळ चांगलं हाये ना?" ती ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. मान खाली, तोंडातून शब्द नाही. "लाजली," म्हणत तो निरोप द्यायला गेलासुद्धा. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं.

शनिवारी त्याची केळी स्टेशनवर जायची होती. वॅगनचे कागद चुरगळू नयेत म्हणून त्याने फळीवरचं हाताला लागलं ते पुस्तक उचललं आणि कागद त्यात घातले. स्टेशनवर बैलगाड्यांची रांग, घडांवर पाला झाकलेला, आणि वॅगनचा पत्ता नाही. बिड्या संपल्या, गप्पाही संपल्या. शेवटी त्याने पुस्तक उघडलं, तर जुना वैरी! पाच छड्या कशाच्या होत्या ते तरी बघू, म्हणून तो वाचायला लागला.

वाती वळायचं प्रकरण आलं. देवघरातला डबा काठोकाठ भरला होता, तरी मथुरा वळतच होती. पोरपणी ही ओळ त्याने वाचली होती, पण त्याला ती दिसली नव्हती. आणि पुढे? लग्नानंतर बाप दारी आला की ती पाट मांडी, पाणी देई, पोटभर वाढे. बोलत मात्र नसे. बाप मेला तरी बोलली नाही.

लीलाधरने पुस्तक मिटलं. बेबाच्या सुपातली डाळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. तीत एकही खडा नव्हता. त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, ती सकाळीच निवडून ठेवली होती. त्याने स्वतः पाहिलं होतं. पोर निवडलेली डाळच निवडत होती!

"तोताराम, बैलांवर ध्यान ठेवजो!" शेजारच्या गाडीवानाला ओरडून तो धावत सुटला. वॅगन सोडून केळीवाला पळाला, हे त्या स्टेशनवर कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"बेबा, खरं सांग," घरात पाऊल टाकताच तो म्हणाला, "तुले नाही ना जायचं सावद्याले?"

बेबाने त्याच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. "नाही, आबा. मले मॅट्रिक व्हायचं हाये."

"मंग तवाच का नाही बोलली?"

"तुम्ही इचारलं कुठं? सांगितलं."

"नाही फुटत सुपारी! आत्ता जातो अन् सांगून येतो." पोर वाचली, या आनंदात तो कुंदाबाईकडे वळला. "पाह्यलं? पुस्तक वाचलं म्हणून कळलं!"

कुंदाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"पोरीचं नशीब," ती म्हणाली. "आपल्या सुपारीच्या दिवशी मी बी निवडलेलीच डाळ निवडत व्हती."

लीलाधर उंबऱ्यातच थांबला. वीस वर्षं तिने त्याला पाट मांडला होता, पाणी दिलं होतं, पोटभर वाढलं होतं. ती फारशी बोलत का नाही, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.