तीन डिस्कांवरची अंगाई

ऑफिसात बाबांना सगळे ‘रिस्टोअरकाका’ म्हणायचे. सर्व्हरवरच्या डेटाच्या राखीव प्रती, म्हणजे बॅकअप, सांभाळणं आणि गरज पडली की त्या परत उतरवणं, म्हणजे रिस्टोअर करणं, हे काम त्यांच्याकडे होतं. कुणी “बॅकअप घेतलाय” म्हणालं की ते खेकसायचे, “परत उतरवून पाहिलास? नाही ना? मग घेतलाच नाहीस!” ते स्वतः दर आठवड्याला एक बॅकअप वेगळ्या डिस्कवर उतरवून, उघडून बघायचे. चालू डेटाला धक्कासुद्धा लागू द्यायचे नाहीत.

मला दिवस गेले तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. येणाऱ्या नातवंडासाठी तिनं गायलेली अंगाई बाबांनी फोनवर रेकॉर्ड केली. आई गेल्यावर त्यांनी ती फाइल तीन डिस्कांवर ठेवली. एक माझ्याकडे, एक ऑफिसात, एक स्वतःच्या उशाशी. जुना फोन पुढे मोडीत गेला.

लेक झाल्यावर मी म्हटलं, “बाबा, आता लावा ना.”

उशाजवळची डिस्क मुकी निघाली. मग माझ्याकडची, मग ऑफिसातली. फोनमधून पहिल्यांदा उतरवतानाच फाइल बिघडली होती आणि तिन्ही प्रती तंतोतंत तशाच होत्या.

“अख्ख्या ऑफिसला पिडता, आणि ही एकदाही ऐकून पाहिली नाहीत?” मी भडकलेच.

बाबांनी डिस्कची वायर हळूच काढली.

“धीरच झाला नाही गं.”